नाकाडावर उतरले तो दिवस

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला एकच काम नीट येत होतं, मेंढरं राखायचं. सासरी मेंढरं नव्हती. थोडी कोरडवाहू जमीन होती आणि उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढायचं काम असायचं. मालक विहिरीत उतरायचे. वर दोर धरायला सासरे असायचे, पण माझ्या लग्नाआधीच ते वारले. त्यामुळं पहिल्याच उन्हाळ्यात मालकांनी नाड्याचं, म्हणजे विहिरीच्या जाड दोराचं, टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, पाय रोवून उभी राहा, बाकी मी सांगतो तसं कर. मी पाय रोवले. दोन उन्हाळे मी त्यांना खाली सोडत होते आणि वर घेत होते. एकदाही हात सुटला नाही. हे मी मिरवायला सांगत नाही, पण लपवायचंही काही कारण नाही.

दोराची आमची एक बोली होती. खोल विहिरीतून हाक वर येईपर्यंत फाटून जाते, शब्द कळत नाही. म्हणून खालच्या माणसानं दोराला हिसके द्यायचे. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे सैल सोड. तीन म्हणजे मी दोराला आहे, वर घे. आणि चार म्हणजे दोराला नुसता माल बांधलाय, मी खालीच आहे. तीन आणि चार यांत गफलत झाली तर जीव जाईल, म्हणून मालकांनी ते माझ्याकडून ओसरीवर बसवून घोकून घेतलं होतं.

आमचं गाव घनसावंगीच्या खाली, अगदी गोदावरीच्या काठावर. राज्य निजामाचं. गावासमोर नदीच्या पात्रात एक बेट आहे. मागच्या बाजूनं ते वाळूचं आणि झाडोऱ्याचं, पण वरच्या अंगाला, पाणी येऊन धडकतं तिथं, काळा खडक पुढं निघालेला आहे. गावात त्याला नाकाड म्हणायचे. नाकाडाचा कडा सरळ डोहात उतरतो. उन्हाळ्यात नदी बारीक झाली तरी त्या डोहाचं पाणी आटत नाही. कड्याच्या कपारींत पारवे, माथ्यावर घारी, खालच्या वाळूत काळ्या टोपीची पांढरी पाखरं, आणि कडा जिथं आत खचलाय तिथं पाकोळ्या, शेकड्यांनी. संध्याकाळी त्यांचा कलकलाट गावात ऐकू यायचा. पण तिथं जायचं कुणाला काही कारण नव्हतं.

कारण काढलं ते डाक्टरसाहेबांनी. ते जनावरांचे डॉक्टर, अंबडहून घोड्यावर यायचे. मूळचे हैदराबादेकडचे, घरची भाषा उर्दू, पण आमच्या भागात बरीच वर्षं काढल्यामुळं मराठी बोलायचे, अर्धी आमची आणि अर्धी त्यांची. त्या वर्षी चैत्रात ते ढोरांना बुळकांडीच्या साथीची लस टोचायला आले आणि चार दिवस चावडीत राहिले. सकाळी बैल टोचायचे आणि दुपारनंतर दुर्बीण घेऊन नदीवर बसायचे. पाखरू दिसलं की वहीत लिहायचे. माणसं मागं हसायची. मला मात्र त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. माझे वडीलसुद्धा माळावर बसून तासन्‌तास पाखरं बघायचे, फक्त त्यांच्याजवळ वही नव्हती.

डाक्टरसाहेबांनी पाकोळ्यांना डोहाच्या काठचा चिखल चोचीत भरून कड्याकडं नेताना पाहिलं होतं. त्यांना ती घरटी जवळून बघायची होती. अंडी कशी, किती, आत काय अंथरलेलं असतं, हे सगळं त्यांना लिहायचं होतं, आणि सापडलं तर एखादं रिकामं, सोडून दिलेलं घरटं सोबत न्यायचं होतं. खालून पाण्यातून काही दिसत नव्हतं. दोरावर उतरणारं कोण आहे म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा गावानं आमचं घर दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गुळासाठी उसाचा रस आटवायची मोठी कढई नदी ओलांडायला वापरायची आमच्याकडं रीतच होती. कढईत डाक्टरसाहेब, मी, दोराचं वेटोळं, पहार, घण आणि मालकांची घोंगडी. एका बाजूनं मालक आणि दुसऱ्या बाजूनं गावातला भोई पोहत कढई ढकलत होते. भोई म्हणजे पाण्यातला मासा, पण झाडावर चढलं तरी त्याला गरगरायचं, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. डाक्टरसाहेबांनी दोन्ही हातांनी कढईचे काठ धरले होते आणि डोळे मिटले होते. मी त्यांना सांगितलं की कढई उलटली तरी भोई सगळ्यांना बाहेर काढील. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

मागच्या बाजूनं वर चढायला फार वेळ लागला नाही. निवडुंग आणि तरवडाची झुडपं होती आणि मग उघडा खडक. माथ्यावर पोचलो तर वाऱ्यानं पदर धरवेना. मालक पालथे पडून कड्याखाली वाकले आणि नजरेनं माप घेतलं. विहिरीची खोली आम्ही परसात मोजतो. हात वर करून उभा माणूस म्हणजे एक परस. ते म्हणाले, पाण्यापर्यंत सात परस, घरटी तीन परसावर, पण कडा तिथं आत गेलाय, झोका घेऊन शिरावं लागेल.

कड्यापासून थोडं मागं, खडकाच्या भेगेत पहार ठोकायची होती. दोर तिला दोन वेढे घालून सोडायचा, म्हणजे सगळं वजन माणसावर येत नाही. मालकांनी पहार धरली, भोयानं घण उचलला. तीन घाव बरोबर बसले. चौथा पहारीच्या डोक्यावरून घसरला आणि मालकांच्या डाव्या हाताची दोन बोटं खडक आणि घणाच्या मधे सापडली.

ते हात छातीशी धरून खाली बसले. डाक्टरसाहेबांनी लगेच पिशवी उघडली. बैलांचं औषध माणसाला चालतं का, असं भोई विचारत होता आणि डाक्टरसाहेब त्याला उत्तर न देता बोटं धुऊन पट्टी बांधत होते. हाड मोडलं नव्हतं, पण तो हात त्या दिवसापुरता गेलाच. दोर पाठीवरून घेऊन उजव्या हातानं धरता आला असता, पण उतरता आलं नसतं. कड्यापासून अंग दूर ठेवायला दोन्ही हात लागतात.

डाक्टरसाहेब म्हणाले, झालं, आता परत जाऊ.

मी म्हणाले, "मी उतरते."

"न्हाई बाई," डाक्टरसाहेब म्हणाले. "हे बिलकुल बराबर न्हाई. तुम्ही कधी उतरलाय का?"

उतरले नव्हते. पण दोन उन्हाळे मी वरून तेच बघत होते. पाय कुठं लावायचा, खांदा कसा फिरवायचा, दोर मांडीखालून कसा घ्यायचा, हे मला झोपेतसुद्धा येत होतं. शिवाय मी हलकी होते. हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते मालकांकडं बघायला लागले, मालक माझ्याकडं.

"भ्या वाटतंय का?" मालकांनी विचारलं.

"न्हाई."

मग ते उठले आणि त्यांनी माझ्या कमरेला स्वतः गाठ मारायला घेतली. एका हातानं जमेना, तेव्हा दुसरं टोक दातात धरलं. गाठ तीन वेळा ओढून बघितली. कड्याच्या धारेवर घोंगडी दुमडून ठेवली, दोर घासू नये म्हणून. घोंगडीवर दोन धोंडे ठेवले. भोयानं तोवर पहार पक्की ठोकली होती; तिला दोराचे दोन वेढे घालून तो मालकांच्या मागं दोराला लागला, आणि मी काष्टा घट्ट करून, विळा आणि ओलं फडकं घातलेली झोळी खांद्याला अडकवून पाठीनं कड्याखाली उतरले.

पहिला परसभर काहीच नव्हतं, विहीरच. दुसऱ्या परसाला पारवे सुटले. कपारीतून एकदम वीस-पंचवीस पारवे तोंडावर आले तसा माझा पाय सुटला आणि मी गरकन फिरले. डोहाचं हिरवं पाणी डोक्यावर आल्यासारखं वाटलं. विहिरीत फिरलं तर चारी बाजूंनी भिंत असते. इथं एका बाजूला खडक आणि तीन बाजूंना काहीच नव्हतं. मी एक हिसका दिला. दोर थांबला. श्वास घेतला, पाय पुन्हा खडकाला लावला आणि दोन हिसके दिले. त्यानंतर पाय सुटला नाही.

कडा आत वळला तिथं मी झोका घेतला. तिसऱ्या झोक्याला पिंपळाची एक मुळी हाताला लागली. तिला धरून आत शिरले. आत बसता येईल एवढी जागा होती, बैलगाडीच्या साटीएवढी. आणि वर बघितलं तर सगळं छत घरट्यांनी भरलेलं. चिखलाच्या गोळ्यांची घरटी, एकाला एक चिकटलेली, आणि प्रत्येकाला आडवं, नळीसारखं तोंड. बारक्या सुगडांची उतरंड उलटी टांगून ठेवल्यासारखी. पाकोळ्या माझ्या कानाशी, केसांशी येऊन परत फिरत होत्या. एवढा कलकलाट की माझा मला आवाज ऐकू येईना.

मी कामाला लागले. नळीतून दोन बोटं घातली. आत पिसं, गवत, मऊ, ऊबदार. तीन अंडी. एक अलगद काढून उजेडात धरलं. पांढरं, बोराच्या आठळीपेक्षा थोडं मोठं, त्यावर कुंकू फुंकरल्यासारखे तांबूस ठिपके. परत ठेवलं. दुसऱ्या घरट्यात ठिपके नसलेली दोन. तिसऱ्यात पिलं, नागडी, तोंडं वासलेली. असं जमेल तेवढ्या घरट्यांत बघून मनात घोकत गेले, हिसके घोकले होते तसं. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं, ते पुढं माझ्या मुलीच्या पाटीवर शिकले. कडेला एक जुनं, फुटक्या नळीचं, रिकामं घरटं होतं. ते विळ्याच्या टोकानं सोडवलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि झोळीत ठेवलं.

वर जायला म्हणून मी दोर हातात घेतला. तीन हिसके द्यायचे, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात उन्हात काहीतरी तरंगत खाली येताना दिसलं. आधी पीस वाटलं. पण ते पीस नव्हतं, अंबाडीचा धागा होता, आमच्या दोराचा. मी मुळी धरून बाहेर वाकले आणि वर बघितलं. झोका घेताना दोर बाजूला सरकला होता. घोंगडी राहिली एकीकडं आणि दोर नुसत्या खडकाच्या धारेवर. तीन पेडांतला एक पेड तुटून सुटा लोंबत होता.

मी ओरडले. पाकोळ्यांच्या गोंगाटात ते मलाच धड ऐकू आलं नाही. वर कुणाला कड्याच्या टोकाशी येऊन वाकल्याशिवाय धार दिसत नव्हती, डाक्टरसाहेबांना मालकांनी कड्यापासून लांबच बसवलं होतं, आणि दोर धरलेला माणूस तिथवर येणार कसा? हिसक्यांच्या आमच्या बोलीत दोर तुटतोय याला शब्द नव्हता. एकदा वाटलं, जाऊ तशीच, दोन पेड तरी आहेत. मग वाटलं, ओढताना तो त्याच धारेवर घासणार. माझा काळ्या दगडाशी रोजचा संबंध होता, तो काय करतो हे मला माहीत होतं.

मी मुळीला डावा हात गुंडाळला आणि उजव्या हातानं कमरेची गाठ सोडली. मालकांनी तीन वेळा ओढलेली ती गाठ सुटता सुटेना. सुटली तेव्हा आधी मुळीवरचा हात आवळला. दोराला झोळी बांधली आणि चार हिसके दिले. एकेक सुटा, मोजून.

दोर हलला नाही. बराच वेळ हलला नाही. मग झोळी हळूहळू वर गेली आणि दिसेनाशी झाली.

आता माझ्याजवळ ती साटीएवढी जागा आणि एक मुळी. मी पाठ खडकाला लावून बसले. डोळे आतल्या अंधाराला सरावले तेव्हा कळलं की मी एकटी नव्हते. कपारीच्या आतल्या कोपऱ्यात घुबडाचं पिलू बसलं होतं, कोंबडीएवढं, कापसाच्या बोंडासारखं फुगलेलं, नारिंगी डोळ्यांचं. ते चोच कटकट वाजवत होतं. मी हलले की वाजवायचं, हलायची थांबले की थांबायचं. मी त्याच्याकडं पाहणं सोडून बाहेर बघायला लागले. समोर बीडकडचा काठ, टरबुजांच्या वाड्यांचे हिरवे पट्टे, पलीकडं धूळ उडवत चाललेली एक गाडी. खाली वाळूवर ती काळ्या टोपीची पाखरं अंड्यांवर बसलेली. घार आली की सगळी एकदम उठायची, तिला पार नदीपल्याड हाकलून द्यायची आणि परत आपापल्या जागेवर येऊन बसायची. एकही जागा चुकत नव्हती. आमचं घर तिथून दिसत होतं. ओट्यावर सासूबाई काहीतरी वाळत घालत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. मनात आलं, आत्याबाईंनी आता मान वर करून बघितलं तर काय म्हणतील. हसू आलं. हसू आलं म्हणजे आपण ठीक आहोत, असं मी स्वतःला सांगितलं.

सावली हातभर सरकली तेव्हा दोर परत आला. जुन्या जागी नव्हे, डावीकडं, दोन माणसांच्या अंतरावर, टोकाला धोंडा बांधलेला. वरून त्याला झोके देत होते. पहिला झोका हुकला, दुसरा बोटांना लागून गेला, तिसरा मी पकडला. धोंडा सोडला, दोर कमरेला बांधला आणि गाठ ओढून बघितली, तीन वेळा. मग तीन हिसके.

वर आले तेव्हा कड्याच्या धारेवर घोंगडी होती, घोंगडीखाली डाक्टरसाहेबांचा कोट होता आणि त्यावर भोई स्वतः पालथा पडला होता, डोळे घट्ट मिटून, दोर सरकू नये म्हणून. दोराला लागले होते मालक आणि डाक्टरसाहेब. डाक्टरसाहेबांच्या तळहातांची सालं गेली होती. मालकांची पट्टी लाल झाली होती. तुटका तुकडा कापून बाजूला टाकलेला होता.

मालकांनी माझ्या कमरेची गाठ सोडली. मग म्हणाले, "चार हिसके आले तवा आधी वाटलं, तू मोजायला चुकलीस."

"मंग?"

"मंग म्हणलं, तू चुकत न्हाईस."

लग्नानंतर त्यांनी मला दिलेली ती पहिली शाबासकी, आणि मला ती पुरली.

डाक्टरसाहेब पाणी प्याले आणि वही काढून बसले. मी सांगत होते, ते लिहीत होते. आठळीपेक्षा थोडं मोठं म्हणजे केवढं, हे कळावं म्हणून मी तिथलाच तेवढा खडा शोधून दिला. कुंकवाचा रंग त्यांना समजला. घुबडाचं पिलू ऐकून त्यांनी मला तीनदा विचारलं, डोळे नक्की नारिंगी होते का. मी म्हणाले, साहेब, मी त्याच्यासमोर बसले होते, ते माझ्यासमोर बसलं होतं, आम्हाला दुसरा उद्योग नव्हता. शेवटी त्यांनी वहीच्या पानावर माझं नाव लिहिलं, उर्दूत, आणि बोट ठेवून दाखवलं. मग म्हणाले की तुम्हाला काय पाहिजे ते सांगा.

मी विचार करायला वेळ घेतला नाही. माझ्या माहेरी, वडीगोद्रीच्या अलीकडं, वडिलांची शंभरेक मेंढरं त्या वर्षी खूर सडून लंगडत होती. सरकारी डॉक्टर गाईबैल बघायचे, धनगराच्या वाड्यावर कोण येतो?

"माझ्या बापाची मेंढरं बघा," मी म्हणाले. "चिठ्ठी नको. तुम्ही सोता या."

ते आठ दिवसांनी खरंच गेले. मीही मालकांबरोबर गेले. दिवसभर बसून त्यांनी एकेका मेंढराचा खूर साफ केला, निळं औषध लावलं, ओल्या जागी बसवू नका म्हणून वडिलांना बजावलं. माझे वडील कमी बोलायचे. साहेब गेल्यावर त्यांनी विचारलं, एवढा मोठा अंमलदार इथवर आला कसा? मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आई मधेच रडायला लागली, ते तिला थांब म्हणाले.

मग मला म्हणाले, "वर दोर कोणी धरला व्हता?"

मी मालकांकडं हात केला.

वडील उठून मेंढरांत गेले आणि एक काळी गाभण मेंढी घेऊन आले. तिचा कान मालकांच्या चांगल्या हातात दिला आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.

आमच्या गावात मात्र बोलणं झालं. बाईनं दोरावर लोंबकळायचं म्हणजे काय, असं पाणवठ्यावर दोन-तीन दिवस चाललं. आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं आणि एका सकाळी घागर भरता भरता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की तुमच्यातल्या कुणाला यायचंय का पुढच्या खेपेला, कढईत जागा आहे.

त्या उन्हाळ्यात मालकांची बोटं बरी व्हायला दीड महिना लागला, आणि गाळाची कामं तर थांबत नाहीत. अरुंद विहिरी मी घ्यायला लागले. पहिल्या विहिरीच्या मालकानं कुरकुर केली, बाईचा पाय प्यायच्या पाण्यात नको म्हणाला. आम्ही दोर गुंडाळून निघालो. वेशीपर्यंत पोचलो नसू, तो मागून हाक आली. परत जाऊन मी उतरले, संध्याकाळपर्यंत बावीस पाट्या गाळ काढला आणि तळाला स्वच्छ पाण्याचा झरा मोकळा झाला. त्याच्याच बायकोनं मला वर आल्यावर पहिला तांब्या भरून दिला.